एर्लेनहोफची साखळी

"पण पहिला एर्लेनहोफ कोण, ते सांगा ना."

प्राध्यापक हेर्मान एर्लेनहोफ पुन्हा तेच विचारत होते. ब्रदर आन्सेल्म सूप ढवळत होते. जुन्या घराच्या मधोमध उघडा विस्तव, त्यावर आढ्यापासून लोंबणारी काळी साखळी, साखळीला टांगलेलं भांडं. धूर वर जाईना, खाली उतरेना. दाराबाहेर ओढ्याकाठची एर्लनची झाडं धुक्यात अर्धी बुडाली होती. कुणीतरी चित्र काढता काढता मधेच उठून गेल्यासारखी.

त्या झाडांवरूनच या वाडीला एर्लेनहोफ, एर्लनची वाडी, म्हणत. वाडी आता ओसाड. जवळच्या मठाने तिची राखण आन्सेल्मकडे दिलेली.

हेर्माननी झाडांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना घराण्याचं रक्त हवं होतं. नोकरी संपते, विद्यार्थी ओळख दाखवेनासे होतात, मग म्हातारी माणसं पूर्वज उकरत बसतात. त्यात त्यांच्या मुलाने अनाथालयातून सहा वर्षांची लेना घरी आणली. रविवारी तिचा बाप्तिस्मा. आजोबांनी भर जेवणात सांगून टाकलं, आमचं नाव हिला लागणार नाही. मुलगा म्हणाला, मग तुम्हीही येऊ नका. रविवारी नाही, पुढेही नाही.

"चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे आलेलं नाव आहे," हेर्मान म्हणाले. "एवढंच तुम्ही माझ्या मुलाला सांगा. तुमचं ऐकेल तो."

"इथे फ्रांत्स नावाचा लोहार आला होता," आन्सेल्म म्हणाले. "गावात अजून सांगतात. वाडीची मालकीण विधवा. तिच्याशी लग्न केलं."

"मग नाव बदललं?"

"त्याचं बदललं. वाडीत नांदेल तो एर्लेनहोफ, ही इथली रीत. आपलं नाव फाटकाबाहेर ठेवून आत यायचं."

"बरं. पण मुलं तर तिची..."

"झाली नाहीत. ती वारली. फ्रांत्सने दुसरी केली. पुढे फ्रांत्स वारला, त्या दुसरीने नवा नवरा केला. तोही एर्लेनहोफच. तुम्ही त्या दोघांचे वंशज."

"...म्हणजे दोघंही बाहेरची."

"हं."

"मग रक्त गेलं कुठे?"

"मीठ कमी पडलंय का, बघा जरा."

हेर्माननी डाव हातात घेतला नाही. आन्सेल्मनी भांडं उतरवून बाजूला ठेवलं. मग त्यांचं मनगट धरलं, हात साखळीवर ठेवला, आणि त्यांना विस्तवाभोवती चालवायला लागले.

साखळी सोसवेल इतकी गरम होती. हेर्मानना हात काढून घ्यायचा होता, पण पाय चालत राहिले. धुरात पुढे कुणीतरी चालतंय असं वाटलं. त्याच्या पुढे आणखी कुणी. ओले बूट, परक्या गावाचा वास, घाबरलेला श्वास... प्रत्येकजण नुकताच फाटकापाशी काहीतरी ठेवून आलेला.

फेरा पुरा झाला.

"हे काय केलंत?"

"नवीन माणसाला असंच घरात घेत. सून, जावई, गडी... कुणीही असो."

"मी नवीन नाही. मी इथलाच आहे."

"याआधी कधी आला होता?"

हेर्मान विस्तवाशेजारी खाली बसले. दाराबाहेर धुक्यातून एक झाड हळूहळू पुरं झालं.

आन्सेल्म स्टुलावर चढले. साखळी आढ्यावरून काढली, झग्याच्या टोकाने काजळी पुसली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"रविवारी घेऊन जा."

हेर्माननी साखळीची एक कडी चाचपली.

"लेनाला... धरायला द्यायची?" हेर्माननी विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"नाही. त्या घराबाहेर आता तुम्ही आहात. धरायची तुम्ही. फिरवून आणेल ती."