बावन्न हत्यारांची पेटी

“…तर मग यांतली कोणती नेऊ, उस्ताद?”

जमनी पावराने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. तिच्यापुढे तीन वस्तू मांडलेल्या होत्या. पाच कप्प्यांची लोखंडी पेटी, ओढत न्यायची चाकांची प्लास्टिकची पेटी आणि जाड कॅनव्हासची पिशवी.

रमजान उस्तादांनी तिन्हींकडे एकदा पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

धडगावच्या वर, टेकडीवरच्या एका जुन्या दर्ग्याशेजारी त्यांची पत्र्याची खोली होती. चाळीस वर्षं त्यांनी सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवर पायी जाऊन हातपंप दुरुस्त केले होते. काम शिकायला येणाऱ्याला ते नाही म्हणत नसत, पण शिकवतही फारसं नसत. बसू देत.

जमनी आयटीआयची फिटर. वर्गात ती एकटीच मुलगी होती आणि पहिली आली होती. बक्षीस म्हणून बावन्न हत्यारांचा संच लोखंडी पेटीसकट मिळाला, तेव्हा मुलांनी विचारलं होतं की हे आता उचलणार कोण. त्या दिवशी तिने ती पेटी स्टँडपासून घरापर्यंत डोक्यावरून नेली होती.

पंपांच्या देखभालीचं काम मिळून तिला जेमतेम महिना झाला होता. चिंचोरापाड्याच्या सभेत ती उभी राहिली आणि तुमचा पंप मी चालू करून देते, असं बोलून बसली. टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या.

त्याला कारण होतं. चिंचोरापाड्याला रस्ता नव्हता, अडीच तासांची चढण होती. पाड्यावर एकच पंप, तो दीड महिना बंद. आधी दोन मिस्त्री येऊन गेले होते. एक ओझ्याला कंटाळून अर्ध्या वाटेवरून परतला. दुसरा पोचला, पण नेमका लागणारा पाना खाली गाडीत राहिला होता. बायका दरीतल्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या. मागच्या आठवड्यात एक गरोदर बाई तिथल्या शेवाळावरून घसरली आणि तिचा हात मोडला.

“पेटी उचल,” उस्ताद म्हणाले.

तिने लोखंडी पेटी उचलली.

“आता तशीच उभी राहा. चहा होऊ दे.”

चहा काही होईना. उस्तादांनी आलं शोधलं, ते धुतलं, ठेचलं. तिच्या आईची चौकशी केली. शेळ्या किती, व्याल्या किती, तेही विचारलं. जमनी उत्तरं देत राहिली. तिची बोटं पांढरी पडली. उकळी फुटायच्या आतच तिने पेटी खाली ठेवली.

उस्तादांनी चाकांच्या पेटीकडे बोट केलं आणि मग दर्ग्याच्या दगडी पायऱ्यांकडे. जमनी बारा पायऱ्या चढली. चाकं नुसती आदळत होती. तेराव्या पायरीवर एक चाक निखळलं आणि टणटणत खाली अंगणात गेलं. त्याच्यामागे तीही उतरून आली.

मग पिशवी. सगळी हत्यारं तिच्यात भरून, ती खांद्याला अडकवून जमनी उभी राहिली. चहा झाला, गाळून झाला, पिऊनही झाला. ती हलली नाही. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

“सतरा नंबरचा पाना दे,” उस्ताद म्हणाले. “माझ्याकडे बघत दे.”

हात पिशवीत गेला. कानस लागली, हातोडी लागली, करवतीच्या पात्याने बोट कापलं… शेवटी तिने पिशवी जमिनीवर पालथी केली.

पाना सगळ्यांत खाली होता.

जमनी चिडली. तिन्ही नापासच करायच्या होत्या तर आधी सांगायचं होतं, असं काहीबाही ती बोलून गेली. उस्तादांनी वाद घातला नाही. शिकणाऱ्यांसाठी अंगणात एक जुना पंप बसवलेला होता. तो खोलून परत जोड, जे हत्यार हातात घेशील ते डाव्या बाजूला ठेवत जा, एवढंच त्यांनी सांगितलं.

“आणि पेटी?”

उस्ताद आत जाऊन नमाजाला उभे राहिले.

दोन दिवस जमनीने दुसरं काही केलं नाही. पंप खोलला, जोडला. पुन्हा खोलला. दुसऱ्या दिवशी दुपारी तर तिने डोळ्यांवर ओढणी बांधून तो जोडला. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

डाव्या बाजूला अकरा हत्यारं जमली होती. प्रत्येक वेळी तीच अकरा.

उजवीकडे एक्केचाळीस पडून होती. त्यांत चकचकीत सॉकेटचा डबा होता. त्याच्या झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं. ती त्या ढिगापुढे बराच वेळ बसून राहिली. डोक्यावर पेटी घेऊन चाललेला तो रस्ता तिला आठवला. सगळं गाव दारात येऊन बघत होतं. मान दुखत होती, तरी तिने एकदाही पेटी उतरवली नव्हती…

मग तिने एकेक हत्यार पुसलं, सगळी एक्केचाळीस लोखंडी पेटीत नीट लावली आणि पेटी उस्तादांच्या खोलीत ढकलून ठेवली.

संध्याकाळी तिने दाभण मागितला. खाटेच्या जुन्या नवारीच्या पट्ट्या कापून पिशवीच्या आतून शिवल्या, अकरा हत्यारांना अकरा घरं केली. तळाशी फळी घातली, म्हणजे पिशवी ठेवली की उभी राहील. जड पाइप पाना पाठीला चिकटून बसेल असा आत लावला. वॉशरांचा डबा बाहेरच्या खिशात गेला. उरलेल्या नवारीचे दोन पट्टे करून ती दोन्ही खांद्यांवर घेता येईल अशी केली.

उस्ताद शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते. दुसरी मदत त्यांनी केली नाही.

सकाळी ती निघाली, तेव्हा उस्तादही काठी घेऊन निघाले.

चढ उभा होता. पहिल्या तासानंतर उस्ताद एका दगडावर टेकले. पिशवी जड होतेय का, असं त्यांनी विचारलं.

जमनीने चमकून पाठीमागे हात लावून पाहिला.

“विसरलेच होते, उस्ताद.”

उस्ताद उठले आणि चालू लागले.

पाड्यावर सगळे पंपाभोवती जमले होते. जमनीने पिशवी उजव्या हाताला उभी केली आणि तिचं तोंड उघडलं. पंपाच्या नळात एकाखाली एक जोडलेल्या लांब लोखंडी सळ्या होत्या. दोन गड्यांना हाताशी घेऊन तिने त्या एकेक वर ओढून काढल्या. शेवटी दट्ट्या आला. त्याचे चामड्याचे वॉशर पार झिजून कागदासारखे झाले होते. तिने नवे बसवले. इथवर सगळं अंगणातल्यासारखंच होतं.

सळ्या परत खाली सोडायला लागली, तेव्हा घात झाला.

सहावी सळी जोडताना, खालच्या सळ्यांना धरून ठेवणारा चिमटा घसरला. पाच सळ्यांचा भार खाली चालला. सळी धरलेल्या एका गड्याचा हात घामाने सुटला. एकदा ते सगळं नळात पडलं असतं, तर बाहेर काढायला मशीन लागलं असतं, आणि मशीन या डोंगरावर कधीच येणार नव्हतं.

जमनीने डाव्या हाताने आणि गुडघ्यांनी सळी आवळली. सळी तरीही सरकत होती. तिचे डोळे सळीवर होते, ते तिथून हलवता येत नव्हते.

उजवा हात पिशवीत गेला.

तो परत आला तेव्हा त्यात पाइप पाना होता. त्याचा जबडा सळीला लागला, आवळला गेला… सळी थांबली.

कोणीतरी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. जमनीने चिमटा घट्ट केला, दोनदा हलवून पाहिला आणि सहावी सळी जोडली. मग सातवी. तिच्या डाव्या तळव्याची साल निघाली होती. ते तिला नंतर कळलं.

सगळं जोडून झाल्यावर तिने दांडा धरला.

दहा वेळा हापसलं. आतून नुसती हवा. वीस झाले… तीस. मागे एक म्हातारी मटकन खाली बसली. जमनी थांबली नाही. उस्ताद काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

चाळिसाव्याला दांडा जड झाला.

जमनीला ते हातात कळलं, आणि दुसऱ्या कोणाला कळण्याआधीच ती हसली. नळाने घरघर केली. तांबडं पाणी आलं, भसाभसा आलं. मग गढूळ… मग स्वच्छ, थंडगार, मनगटाएवढी धार.

पाड्याने एकच गलका केला. एका बाईने रिकामा हंडाच बडवायला घेतला. दुसरीने जमनीचे दोन्ही गाल ओल्या हातांनी धरले आणि तिला सोडेचना. ती मटकन बसलेली म्हातारी उठून धारेखाली गेली आणि लुगड्यासकट भिजत उभी राहिली. घराघरातून भांडी आली, ढोल आला. जमनी रडत होती आणि हापसत होती.

पहिलं पाणी उस्तादांनी प्यावं, असं पाड्याच्या कारभाऱ्याने म्हटलं आणि लोकांनी वाट करून दिली. त्यांच्यासाठी घासलेला तांब्या आणला.

उस्तादांनी तांब्या घेतला नाही. काठी कारभाऱ्याच्या हातात दिली, चपला काढल्या आणि धारेपुढे गुडघे टेकून ओंजळ धरली. मग मान वर करून दांड्यापाशी उभ्या असलेल्या जमनीकडे पाहिलं.

“चालवा, मिस्त्री… तहान लागलीय.”