ऊद खाली, गुलाब वर

मीरनगडच्या नवाबाला आपल्या सुगंधाचा भारी तोरा. मनगटावर आधी ऊद, त्यावर गुलाब. ही जोडी दुसऱ्या कुणी लावायची नाही, असं फर्मानच होतं. आणि अत्तर विकणाऱ्या मेहरूनने निकाहाच्या दिवशी आपल्या लेकीला नेमकी तीच जोडी लावली!

नवाब कडाडला, "माझा सुगंध चोरतेस? मायलेकी दोघी चालत्या व्हा गावातून!"

लेकीची मेंदी अजून ओली होती. मेहरून म्हणाली, "हुजूर, तो चोरता येत असेल तर खुशाल हाकलून द्या. पण आधी अम्मीजानना विचारू."

नवाबाच्या आईची दृष्टी कधीच गेली होती. मेहरूनने चार हुजऱ्यांच्या मनगटांवर ऊद नि गुलाब चढवला आणि नवाबाचंही मनगट त्यांच्यात पुढे करवलं. म्हातारीने हात न लावता एकेक हुंगलं, आणि एकच मनगट ओढून गालाशी धरलं.

"हा माझा बच्चा."

"अत्तर सगळ्यांना एकच लावलंय, हुजूर," मेहरून म्हणाली. "पण सगळ्यांत खालचा थर अंगाचा असतो, आईने दिलेला. तो मी कसा चोरणार?"

नवाबाने हात सोडवून घेतला नाही. तसाच वाकून तो हळूच म्हणाला, "नवरीला आणखी थोडा गुलाब लाव."