रेणूचं अर्धं वाक्य

एका गावातल्या शाळेत मालनताई नावाच्या मदतनीस होत्या. चौथीच्या वर्गातल्या रेणूसाठी त्यांची नेमणूक झाली होती. रेणूचे हातपाय जन्मापासून आखडलेले होते आणि जीभही जड होती. ती चाकाच्या खुर्चीत बसे. तिला सगळं समजे, पण एक वाक्य बोलायला तिला इतका वेळ लागे, की ऐकणारा तोवर दुसऱ्याच विषयावर गेलेला असे.

मालनताईंनी या मुलीला फार जीव लावला. त्या तिला भरवत, तिचं तोंड पुसत, तिच्या हातात पेन्सिल देऊन वर आपला हात धरत. त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण त्यांना घाई होती. रेणूनं तोंड उघडलं की पहिला शब्द तिचा असे आणि उरलेलं वाक्य ताईंचं. रेणूनं “पाणी” म्हणावं, की ताई म्हणत, “हिला तहान लागलीय.” खरं तर रेणूला कधी कधी, पाणी सांडलंय, एवढंच सांगायचं असे.

गुरुजींचा वेळ वाचे, म्हणून गुरुजी खूश होते. “रेणूच्या मनातलं मालनताईंना न बोलता कळतं,” असं सगळे म्हणत. ऐकून ऐकून ताईंनाही ते खरं वाटू लागलं. सुरुवातीला रेणू मान हलवून नाही म्हणायची. पुढे तिनं तेही सोडलं. तिनं ते सोडलं, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एकदा मधल्या सुट्टीत ताईंनी रेणूची खुर्ची नळापाशी आणून उभी केली. तिथे जमीन उतरती होती. तेवढ्यात खिचडी करणाऱ्या बाईंनी चुलीजवळून हाक मारली, आणि ताई खुर्चीचा ब्रेक न लावताच तिकडे गेल्या. दोघींच्या गप्पा रंगल्या. मग नळाकडून किंकाळी आली.

ताई धावत आल्या. खुर्ची कलंडली होती. रेणू खाली पडली होती आणि तिच्या कपाळातून रक्त येत होतं. तिच्या दंडाला धरून तानी बसली होती. ही तानी म्हणजे वर्गातली नंबर एकची खोडकर मुलगी. दोघींच्या वेण्या एकमेकींना बांधणं, कुणाचं दप्तर लपवणं, हे तिचे रोजचे उद्योग.

“रेणू, काय झालं गं? कुणी केलं हे?” ताईंनी विचारलं.

“ता... नी...” रेणू म्हणाली. पुढच्या शब्दासाठी तिचे ओठ हलू लागले.

“तानीनं ढकललं हिला,” ताई गुरुजींना म्हणाल्या.

“मी नाही ढकललं,” तानी रडत म्हणाली. “मी धरत होते.”

“मग रेणू काय खोटं बोलतेय?” गुरुजी म्हणाले. तानीवर कुणाचा विश्वास बसणार? तिच्या खोड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

गुरुजींनी तानीच्या वडिलांना बोलावून घेतलं. त्यांना मुळातच मुलीच्या शिक्षणाचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, “पोरीपायी मला खाली मान घालावी लागत असेल तर पुरे झाली शाळा. सोमवारी येऊन दाखला नेतो.” तानी त्या दिवसापासून शाळेत आली नाही.

रेणू नीट जेवेना. ती पुन्हा पुन्हा तानीचं नाव घेई आणि ताई तिला जवळ घेऊन म्हणत, “घाबरू नकोस बाळा, ती आता तुझ्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही.” मग रेणू रडे. पोरीनं धास्ती घेतली, असं ताई सगळ्यांना सांगत.

सोमवार आला. तानीचे वडील गुरुजींसमोर येऊन बसले. बाहेर व्हरांड्यातून रेणूनं त्यांना पाहिलं आणि तिची धडपड सुरू झाली.

“ता... नी...”

“अगं, तिचं नाव काढून टाकायलाच आलेत ते—”

ताईंचं वाक्य पुरं झालं नाही. ज्या हाताला चमचा सरळ धरता येत नव्हता, तो हात रेणूनं थरथरत वर नेला आणि ताईंच्या तोंडावर दाबला. ताईंचा ओठ दाताखाली येऊन फुटला. त्या गप्प झाल्या. नेमणूक झाल्यापासून रेणूसमोर त्या पहिल्यांदाच गप्प झाल्या होत्या.

रेणू बोलू लागली. खूप वेळ लागला.

“तानीनं... धरलं. खुर्ची... आपोआप... गेली.”

ब्रेककडे गेलेला आपला हात हाक ऐकून मध्येच थांबला होता, ते ताईंना आता आठवलं. व्हरांड्यात तिसरं कुणी नव्हतं. रेणूचं बोलणं दुसऱ्या कुणाला धड समजतही नसे. रेणू काय म्हणत होती, असं कुणी विचारलंच असतं, तर ताई सांगतील तेच खरं ठरणार होतं. खरं सांगावं तर नोकरी जाण्याची भीती होती. रेणू त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर ताईंना ते सोपं गेलं असतं.

मग त्यांनी खुर्ची गुरुजींसमोर नेली आणि न विसरता ब्रेक लावला.

“गुरुजी, रेणूला काही सांगायचंय. मी मध्ये बोलणार नाही. वेळ लागेल.”

“मला कामावर जायचंय,” तानीचे वडील म्हणाले.

“तुमच्या लेकीबद्दलच आहे. थांबा.”

रेणू बोलली. गुरुजींनी सवयीनं ताईंकडे पाहिलं. “काय म्हणतेय ती?”

“तिलाच विचारा, गुरुजी. नाही कळलं तर पुन्हा विचारा.”

गुरुजी खुर्चीवरून उठले आणि रेणूसमोर खाली बसले. त्यांनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा विचारलं. हळूहळू त्यांना सगळं कळलं. तानीच्या वडिलांनाही कळलं. तेव्हा ताई म्हणाल्या, “ब्रेक मी लावला नव्हता. हे मात्र मीच सांगायला हवं.”

तानीच्या वडिलांनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली. “दाखला राहू द्या,” ते म्हणाले. “पोरीला घेऊन येतो.”

ते गेल्यावर गुरुजींनी रेणूच्या डोक्यावर हात ठेवला. “बाळा, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

रेणूचे ओठ हलले. ताईंनी आपला फुटलेला ओठ घट्ट मिटून घेतला. गुरुजीही थांबले.

“सांगतच... होते,” रेणू म्हणाली.

तात्पर्य: ज्याला मदत करायची, त्याचं बोलणं आपण पुरं करू नये, ते पुरं होईपर्यंत थांबावं. आपल्या मायेला एवढा धीर नसेल, तर ती माया त्याच्या तोंडचा शब्दही काढून घेते.