खापरबांधाचा सांडवा

सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. माघातला पहिला गुरुवार. भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, खापरबांध तलावाची मातीची पाळ. पाळीच्या दक्षिण टोकाला सांडवा आहे. तलाव भरला की जास्तीचे पाणी या दगडी भिंतीवरून उतरते.

भिंतीपाशी गाव जमला होता. प्रत्येक घरातून एकेक टोपले आलेले, आणि टोपल्यात वर्षभराचे फुटके: छपराचे कवेलू, माठाच्या खापऱ्या, चुलीचा एखादा तुकडा. बायका ते मुसळाने कुटत होत्या. एकीकडे धानाच्या कोंड्याची राख, एकीकडे भाजून विझवलेल्या चुनखड्यांचा ढीग. तिन्ही कालवून भिंतीच्या भेगा भरायच्या. सिमेंटचे पोते पाळीवर चढू देत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने सिमेंटचा तुकडा लावला होता, तो दुसऱ्या पावसाळ्यात सुटून पडला. त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही, फक्त हसतात.

या कामाचे मूळ श्रावण गहाणे यांनी सांगितले. वय अठ्ठ्याहत्तर, गाव त्यांना दाजी म्हणतो. तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीतले ते. दाजींनी सांगितले ते असे.

फार पूर्वी डोमा पाटील नावाच्या कोहळ्याने जंगल तोडून इथे पाळ घातली. माती धरली, सांडवा धरेना. पहिल्या वर्षी उत्तम चुना आणि वाळू घालून भिंत उभी केली, ती आषाढात वाहून गेली. दुसऱ्या वर्षी चुना दुप्पट घातला. तीही गेली आणि खालचे सगळे धान घेऊन गेली. दोन वर्षे गावाने कंदमुळांवर काढली, असे सांगतात. मग पंच बसले आणि म्हणाले, तलाव माणूस मागतो. कोणाचे माणूस, यावर फार वेळ गेला नाही. मातीशी खेळणाऱ्यांनी मातीचे देणे द्यावे, असे ठरले आणि बोट कुंभारटोल्याकडे, कुंभारांच्या वस्तीकडे गेले. त्या टोल्यात सगुणी नावाची विधवा होती. तिच्यासाठी भांडायला कोणी नव्हते.

सगुणी स्वतःच भांडली. म्हणे ती पंचांपुढे उभी राहून म्हणाली, "माह्या भट्टीमागचा उकिरडा पाहा आधी. मंग मले गाडा."

तो उकिरडा हीच खरी गोष्ट. कुंभाराच्या मातीत चुनखडा राहिला की भाजलेले मडके पुढे आपोआप फुटते. म्हणून सगुणी मातीतले खडे वेचून भट्टीच्या कडेला फेकी. तिथे ते भाजले जात. त्यावरच फुटकी मडकी आणि भट्टीत जाळलेल्या कोंड्याची राख पडे. वर पाऊस. चार-पाच पावसाळ्यांनंतर त्या कचऱ्याचा असा खडक झाला की कुदळीचे टोक वाकले.

डोमा पाटील हसला. "कचऱ्यानं पाणी अडते काय वो बाई?"

"तुमच्या चांगल्या चुन्यानं दोनदा अडवून पाहिलं नं, पाटील?"

पैज लागली. दोघांनी भिंतीसाठी कालवलेल्या आपापल्या मसाल्याचा लाडू वळून पाण्याच्या घागरीत सोडला. नवव्या दिवशी पाटलाचा लाडू विरघळून घागरीत दूध झाले होते. सगुणीचा लाडू दगडावर आपटला तर दगडाचा टवका उडाला, म्हणे. पंचांनी तिला एक पावसाळा दिला. पोळ्यापर्यंत भिंत टिकली तर ती सुटली. फुटली तर त्याच जागी तिला भिंतीत घ्यायचे.

गवंड्यांनी घाई केली. कोंडा भडकावून जाळला. सगुणीने ती राख पाण्यात फेकायला लावली. "भडक्यातली राख मेलेली असते. धुमसू द्या तिले, दोन दिवस हात नका लावू." जेठाच्या शेवटी भिंत कोरड्या उन्हात पुरी झाली. आषाढात पाणी तिच्यावरून गेले, श्रावणात दोनदा गेले. पोळ्याच्या दिवशी भिंत उभी होती. खाली धान गुडघाभर.

"आणि मग सगुणी भिंतीत गेली," दाजी म्हणाले. "तवापासून हा सांडवा फुटला नाई."

भिंत तर टिकली होती, असे मी म्हटले.

"टिकली होती."

मग ती भिंतीत कशाला गेली?

दाजींनी पागोटे सारखे केले. "तिचा नवस होता म्हणतात. तलावानं लाज राखली म्हणून ती आपल्या खुशीनं गेली."

पाळीच्या खालून, रस्त्यावरूनच एक आवाज आला. "खुशीनं! का जी दाजी, पायानं गेली का हातानं नेली, थे सांगा नं पाव्हण्याले." त्या बायजाबाई कुंभारे. सगुणीच्या टोल्यातल्या. "पंचांनी देवाले बोलून ठेवलं होतं आधीच. बोललेलं माघारी कोण घेते?"

"बायजे, तुह्या आजीनं तं ती माहेरी गेली म्हणून सांगतलं होतं."

"माह्या आजीले तुमच्या आज्यानं सांगतलं होतं थे!"

लोक हसले. दाजीही हसले, मग म्हणाले, "खरं म्हटलं तं मलेबी समजत नाई. लहानपणी इचारलं तं बापानं थापड मारली." तिसऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की ती पाण्यात चालत गेली आणि कमळ झाली. तीन माणसे, तीन शेवट. भिंत टिकली होती यावर मात्र तिघांचे एकमत. आख्यायिकेला प्रश्न विचारू नयेत, असे मला पाळीवर दोघांनी बजावले. ज्या बाईने पैज जिंकली तिचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न होता.

आजही माघातल्या या गुरुवारी कुंभारटोल्यातून टोपले येते, पण टोल्यातली एकही सून पाळीवर पाय ठेवत नाही. टोपले खाली रस्त्यावर ठेवून त्या परत फिरतात. दाजी याला मान म्हणतात. बायजाबाई परत फिरत नाहीत. रस्त्यावर उभ्या राहतात.

सांडव्याच्या उतरत्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, माणूस उभा मावेल एवढी जागा वेगळी दिसते. तिथे दगड नाहीत, नुसता लेप आहे, त्याच तीन वस्तूंचा. लेपाची डावी कड सुटली आहे. तिच्याखाली कडेच्या दगडावर शेवाळाचा काळा, वाळलेला थर आहे आणि तो लेपाच्या आत शिरतो. सगुणीची भिंत कोरड्या उन्हात पुरी झाली होती. शेवाळ पाणी वाहून गेल्यावर धरते. हा लेप त्या शेवाळावर बसलेला आहे, म्हणजे भिंतीवरून पाणी गेल्यानंतरचा आहे.