वरचे चार इंच

"तिला काय विचारायचं? ती या घरात माती मळायला आलीय, मत द्यायला न्हवं."

हे वाक्य ऊर्मिलासाठी नव्हतं, ऊर्मिलाबद्दल होतं. ती दाराआड चहाचं ताट घेऊन उभी होती. बोलणारे होते तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. तिचा नवरा दिगंबर चेष्टेत म्हणाला होता, "ऊर्मिलाला विचारूया का?" त्यावर हे उत्तर. ओट्यावरचे सगळे हसले. दिगंबरही हसला. ऊर्मिलाने चहा थोडा निवू दिला आणि मग बाहेर नेला. कोमट चहा पिताना कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

ओढ्याकाठच्या एका गावात कुंभाराचं हे एक घर होतं. घरात चाक होतं, भट्टी होती आणि दारात एक जुनी पिकअप होती. माठ, रांजण, चुली भरून ती तालुक्याच्या बाजाराला जायची. वाटेत ओढ्यावर पुलाऐवजी दगडी फरशी होती. त्या फरशीतला एक दगड वर आला होता, आणि भरलेली पिकअप तिथे पोटावर घासायची. मागच्या बाजाराला तर सायलेन्सरच निखळून पडला. गाडी वर उचलून घ्यायला हवी, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. किती उचलायची, एवढाच प्रश्न होता.

गॅरेजवाल्याने दोन मापं सांगितली होती. चाकांवरच्या लोखंडी पाट्यांना छोटे ठोकळे देऊन दोन इंच, किंवा सगळंच बदलून सहा इंच. सहा इंच उचललं तर वर मोठे टायरही बसतील, म्हणजे आणखी दोन इंच. धाकटा दीर संताजी गाडी चालवायचा. त्याने शेजारच्या गावच्या यात्रेत एक उंच जीप पाहिली होती. तेव्हापासून त्याला आपली पिकअप बुटकी दिसू लागली होती.

"सहाच करायचं," तो म्हणाला. "गाडी आली म्हणजे माणसानं मान वर करून बघाय पायजे."

"आणि मोठं टायर वळताना मडगार्डला घासंल त्याचं?" दिगंबरने विचारलं.

"मडगार्ड कापायचं की."

ऊर्मिला आत भाकऱ्या थापत होती. गाडीला टायर बसवायचे आहेत की टायरला गाडी, असा प्रश्न तिला पडला. तो तिने परातीतल्या पिठाला विचारला. भरली पिकअप देवळाच्या चढावर आत्ताच दम खाते, मोठी चाकं तिला कोण ओढून देणार, हेही तिने पिठालाच विचारलं.

अण्णांना वास्तविक जीपबिपचं काही नव्हतं. पण त्यांच्या भावकीतल्या एकाने नवा ट्रॅक्टर घेतला होता, आणि तो रोज मुद्दाम त्यांच्या दारावरून जायचा. उंच पिकअप दारात उभी राहिली तर ट्रॅक्टर फिका पडेल, हे त्यांच्या मनाने घेतलं. ठरलं. बाजार झाला की गाडी गॅरेजला, सहा इंच, मोठे टायर.

दुसऱ्या दिवशी ऊर्मिला ओढ्यावर माती आणायला गेली तेव्हा फरशीवर थांबली. वर आलेल्या दगडावर काळं ऑइल लागलं होतं आणि घासल्याच्या खुणा होत्या. सगळ्या खुणा दगडाच्या अगदी माथ्यावर होत्या, बोटाच्या एका पेराइतक्या खोल. तिने आपलं बोट लावून पाहिलं. दोन इंच मिळाले तर गाडी वरून निघून जाईल आणि थोडी जागा उरेलसुद्धा.

तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती, ती मात्र ओढ्यावर नाही, घरातच. सासूबाई द्रौपदाबाई केस विंचरताना उजवा हात वर नेत नसत. तो हनुवटीपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. अंबाडा त्या डाव्या हाताने घालत आणि कुणी पाहिलं तर पदर सावरल्याचं सोंग करत. खांदा धरलाय, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडी भरायचं काम त्यांचं होतं. त्या खालून माठ द्यायच्या, ऊर्मिला वर हौद्यात पेंढा घालून लावायची. द्रौपदाबाईंनी भरलेल्या गाडीतला माठ कधी फुटला नाही, हे बाजारातले व्यापारीही सांगत. या घरात त्यांना जो मान होता, तो त्या कामाचा होता. खांद्याचं कळलं असतं तर अण्णा म्हणाले असते, "बस आता घरात." आणि गाडी आठ इंच वर गेली तर ते न सांगताच कळणार होतं.

ऊर्मिलाने रात्री जेवताना नवऱ्याला हळूच म्हटलं, "अहो, दोन इंचात भागेल. मी दगड बघितलाय."

"अण्णांनी ठरवलंय," दिगंबर म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी भरायची होती. ऊर्मिला सकाळी लवकर उठली. घरच्याच भट्टीच्या पक्क्या विटा तिने अंगणात आणल्या आणि पिकअपच्या मागच्या चाकांमागे त्यांच्या पायऱ्या रचल्या, तीन विटांच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण आठ इंच.

"भाऊजी, गाडी जरा यावर घ्या," ती संताजीला म्हणाली. "उंच व्हायचीच आहे. आजपासून सवय करू."

संताजी खूश झाला. नवीन वहिनी आपण होऊन बोलली, तेही गाडीबद्दल. त्याने गाडी मागे घेऊन विटांवर चढवली, उतरून लांब जाऊन पाहिली, मोबाइलवर फोटो काढला. "अण्णा, बघा की. आत्ताच कशी दिसतीया."

अण्णांनी बघितलं. ट्रॅक्टरवाला तेवढ्यात रस्त्याने गेला. त्यानेही बघितलं. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

मग भरायची वेळ झाली. द्रौपदाबाईंनी पहिला माठ उचलला आणि हौद्याजवळ आल्या. हौद्याचा मागचा फाळका आता त्यांच्या गळ्याशी आला होता. त्यांनी माठ छातीशी धरला, वर पाहिलं, आणि एक क्षण तशाच उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे त्या बाईला फार चांगलं जमायचं. पण हात हलला नाही.

ऊर्मिलाने पुढे होऊन तो माठ त्यांच्याकडून घेतला आणि खाली ठेवला. अगदी हळू, काठाला धक्का न लावता. मग ती उरलेल्या विटांच्या ढिगावर बसली.

"बसा आत्या," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

ऊर्मिला त्या घरातली सगळ्यात उंच बाई होती. तिचा हात पोचत नाही, हे ऐकून संताजी हसला. द्रौपदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं नीट.

"हे काय नवीन?" अण्णा म्हणाले. "ऊठ. ऊन व्हायच्या आत भरायचंय."

ऊर्मिला उठली नाही. शेजारच्या बायका कुंपणापाशी गोळा झाल्या. सगळ्यांच्या नजरा द्रौपदाबाईंकडे लागल्या. त्यांनी एक शब्द काढला असता, 'ऊठ गं' एवढाच, तर सून एकटी पडली असती. संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांनी अण्णांचं बोलणं कधी मोडलं नव्हतं.

द्रौपदाबाईंनी पदर खोचला आणि सुनेशेजारी विटांवर बसल्या.

"माझाबी पोचत न्हाई," त्या म्हणाल्या.

कुंपणापाशी कुणीतरी हसलं. अण्णांचे कान लाल झाले. "बायकांच्या कामाला एवढं काय लागतं? दिगू, चढ वर. मी देतो." त्यांनी तोच माठ उचलला आणि डोक्याच्या वर नेऊन दिगंबरकडे दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला ते टाचा उंचावून उभे राहिले. पुढच्या काही माठांच्या वेळी त्यांनी श्वास घेताना तोंड वळवलं, दम लागलेला दिसू नये म्हणून. मग रांजणाची पाळी आली. रांजण अर्ध्यावर गेला, काठ फाळक्यावर आपटला आणि टवका उडून त्यांच्या पायाशी पडला.

अण्णा रांजण कवटाळून उभे होते. वर नेता येईना, खाली ठेवता येईना. शेवटी संताजीने येऊन धरला.

"मग काय करायचं?" अण्णांनी दम घेत विचारलं. राग सुनेवर होता, पण प्रश्न खरा होता. "गाडी पोट घाशीत न्यायची का जन्मभर?"

त्या पिकअपला शेवटी किती उंची मिळाली, ते गावात सगळ्यांनी पाहिलं. दोन इंच, आणि जुन्याच मापाचे नवे टायर. ती फरशीवरून अलगद जाते आणि मडगार्ड अजून शाबूत आहेत. पण त्या सकाळी गप्प सून काय बोलली, ते घरच्यांखेरीज फक्त कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं. ती विटांवरून उठली, साडीची धूळ झटकली आणि आवाज न चढवता म्हणाली,

"मामा, फरशीच्या दगडाला दोन इंच पुरतात, मी बोट लावून बघितलंय. वरचे चार इंच आणि मोठं टायर रस्त्यावरच्या लोकांना दाखवायला आहेत, आणि ते आम्ही आमच्या खांद्यांवर उचलणार नाही. भरणारीचा हात जिथवर पोचतो, तिथवर गाडी उंच करा. त्याच्या वर न्यायची असेल तर रोज तुम्हीच भरा, आम्ही इथंच बसतो."

तात्पर्य: एखाद्या गोष्टीची उंची ती मिरवणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवू नये, तिचा भार उचलणाऱ्याच्या हातांनी ठरवावी, आणि त्या हातांना कुणी विचारत नसेल, तर त्यांनी काम थांबवून आपणहून सांगावं.