स्वस्त मधाची रांग

त्या राज्यात मध फार स्वस्त होता आणि तो कुणालाच मिळत नव्हता.

पूर्वी असे नव्हते. टोपलीभर फुले पोळ्याखाली नेऊन ठेवली की माश्या द्रोणभर मध देत. घेणारे भावावरून कुरकुरत, द्रोण चाटूनपुसून खात आणि पुन्हा कुरकुरत. ही कुरकुर राजा हत्तीच्या कानावर गेली; कान मोठे, त्यामुळे जरा जास्तच गेली. त्याने द्रोणाचा भाव एक फूल करून टाकला. हत्ती स्वतः मधाला सोंड लावत नसे. तेव्हा भाव ठरवायला त्याच्याइतका निःपक्षपाती दुसरा कोण असणार? राज्यभर ढोल वाजले. सगळ्यांत मोठ्याने वाजवला तो झिपरी अस्वलिणीने.

माश्यांनी एका फुलात द्रोण भरून पाहिला. भरला नाही.

आता झिपरीचा जीव टांगणीला लागला होता. घरी धनी खोकत होता, आणि असा खोकत होता की गुहेतली वटवाघळे उलटे लटकायचे सोडून सरळ बसू लागली होती. वैद्य कोल्ह्याने सांगितले होते, थंडीच्या झोपेआधी पोटात मध गेला नाही तर झोपलेला धनी उठायचा नाही.

मध वाटायच्या खिडकीपुढची रांग दगडांची होती. पाय दुखतात म्हणून जो तो आपल्या खुणेचा दगड ठेवून घरी जाई. दगड बिचारे तक्रार न करता उभे राहत. पुढचे सगळे दगड कासवतात्यांचे. तात्यांना मध आवडत नसे, पण दगड ठेवायची हौस दांडगी.

झिपरीने पहिला दगड मागितला. तात्या म्हणाले, "टोपलीभर फुलं."

"अहो तात्या, तेवढ्यात पूर्वी मधच यायचा की."

"तेव्हा महाग होता, बाई. आता स्वस्त झालाय."

झिपरीने टोपली आणून दिली. तात्यांनी ती घरामागच्या ढिगावर उपडी केली. तिथे फुले वाळून काळी पडली होती.

खिडकीतल्या घुबडाने तिचे एक फूल ठेवून घेतले आणि मध आला की देऊ म्हणून सांगितले. कधी येणार, हे सांगणे त्या खिडकीचे काम नव्हते. मात्र एवढी लांब रांग पाहून महाराज फार खूश आहेत आणि भाव अर्ध्या फुलावर आणणार आहेत, असे त्याने आपणहून कळवले.

मागे काहीतरी घासल्याचा आवाज झाला. झिपरीने वळून पाहिले. पार शेवटी एक म्हातारी मधमाशी मोहरीएवढा खडा ढकलत आणत होती. तो तिने शेवटच्या दगडाला टेकवला आणि धाप टाकली.

"थोडा मध हवा होता गं. घरात पोरं उपाशी आहेत. शेवटचा नंबर कुणाचा?"

तिच्यापुढे नुसते दगड होते. लांबून गुहेतला खोकला तेवढा ऐकू आला.