मोरीत बसलेले बाबा

"मग गुरुवारी मी प्रवचनाला बसू ना, बाबा?"

यशोधनने हे तिसऱ्यांदा विचारलं. विषय तयार होता : सर्वांभूती एकच ईश्वर. मठात येण्यापूर्वी तो इंजिनिअर होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

भैरवबाबा म्हणाले, "चल, आधी तुझं सिंक दाखव."

त्याला आनंदच झाला. मठातलं पहिलं सिंक त्याने स्वतःच्या हाताने बसवलं होतं. शेजारीच, दोन पायऱ्या खाली, जुनी मोरी. सिंकचा पाईप त्याने मोरीच्याच पाईपाला जोडला होता. त्या मोरीत चंद्राक्का तीस वर्षं मठाची पातेली घासत आली होती.

"पाणी नीट जातं?"

"झर्रकन जातं, बाबा. थेंब राहत नाही."

"आणि मोरीत?"

यशोधन सिंकचा काठ पुसू लागला.

"बोल."

"सिंक भरून सोडलं की जाळीतून थोडं वर येतं. जुना पाईप बारीक आहे. पण लगेच ओसरतं."

"ठाऊक होतं तुला?"

"जोडतानाच कळलं होतं. पण वेगळा पाईप काढायचा तर सगळी फरशी फोडावी लागली असती. अक्काची काही तक्रार नाही."

चंद्राक्का मान खाली घालून घासत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पावलं खरकट्या पाण्याने पांढरी पडली होती, बोटांच्या बेचक्यांत चिरली होती. इतके दिवस आम्ही बाकीच्या शिष्यांनीही ती पावलं पाहिली नव्हती, याची लाज वाटते.

बाबा पायऱ्या उतरले. "अक्का, जरा ऊठ, माय."

"अवो बाबा, हितं कशाला? समदं खरकटं हाय!"

बाबांनी तिला हाताला धरून उठवलं. तिच्या पाटावर बसले आणि दोन्ही पाय जाळीपाशी ठेवले.

"यशोधन, सिंक भर."

त्याने भरलं. आमटीच्या पातेल्याचं पाणी, ताकाच्या भांड्याचं पाणी... काठोकाठ.

"आता बूच काढ."

त्याचा हात पाण्यात गेला... आणि तिथेच राहिला.

"काढ की."

"तुम्ही आधी उठा, बाबा."

"का?"

"सगळी घाण तुमच्या पायांवर येईल!" त्याचा आवाज फाटला. "तुमच्यावर कशी सोडू मी?"

बाबांनी पाय हलवले नाहीत.

"काल इथं कोण बसलं होतं रे?"